नवागतांच्या नोकरीसाठी नगरपालिकेच्या हातात काय असतं? जॉब फेअरपेक्षा बरंच जास्त

प्रश्न थोडक्यात असा: ऑन्टारियोतल्या लाखभर वस्तीच्या एका शहरात स्थायिक झालेल्या मराठी वाचकाला तिथल्या नगरपालिकेने नवागतांसाठीच्या सल्लागार समितीवर घेतलं आहे. दरवर्षी जॉब फेअर भरतो, गर्दी होते, महापौरांचे फोटो छापून येतात आणि नोकऱ्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. "समितीत मी सुचवू तरी काय? नगरपालिकेच्या हातात खरंच काही असतं, की सगळं ओटावाच, म्हणजे केंद्र सरकारच, ठरवतं?"

टोरंटोच्या आसपास नवीन आलेल्या लोकांना नोकरी शोधायला मदत करण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. आधी निकाल सांगून टाकते: नगरपालिकेच्या हातात पुष्कळ असतं, फक्त ते जॉब फेअरच्या हॉलमध्ये सापडत नाही. तिची स्वतःची नोकरभरती, तिची कंत्राटं, बसचं वेळापत्रक आणि डे-केअरची प्रतीक्षायादी, इथे शोधा.

कॅनडातली अधिकारांची वाटणी पाहा. व्हिसा, पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना), वर्क परमिट हे केंद्राचं. इंजिनिअर, नर्स, इलेक्ट्रिशियन यांची लायसन्सं प्रांताच्या कायद्याखाली मिळतात. इंग्रजीचे 'लिंक' वर्ग १९९२ पासून केंद्राच्या पैशावर चालतात. नगरपालिकेकडे रस्ते, पाणी, बस, लायब्ऱ्या, परवाने, झोनिंग (कुठल्या जागेवर काय करता येतं याचे नियम). आणि ऑन्टारियोत त्यात दोन मोठ्या गोष्टींची भर: डे-केअरचं अनुदान आणि 'ऑन्टारियो वर्क्स' ही उत्पन्न नसलेल्यांसाठीची मदत. ही दोन्ही कामं स्थानिक पातळीवरच्या ४७ 'सर्व्हिस मॅनेजर' संस्थांमार्फत चालतात. तुमचं शहर काउंटीत किंवा रिजनमध्ये, म्हणजे अनेक नगरपालिकांच्या वरच्या प्रशासनात, मोडत असेल तर ही खाती तिकडे असतील. हे पहिल्याच आठवड्यात तपासून घ्या, नाहीतर वर्षभर चुकीच्या दारावर थापा मारत बसाल. शिवाय २००८ पासून ऑन्टारियोत 'लोकल इमिग्रेशन पार्टनरशिप' नावाची व्यवस्था सुरू झाली. पैसा केंद्राचा, नगरपालिका, शाळा, संस्था आणि मालक मंडळी एका टेबलाशी. बऱ्याच ठिकाणी ती नगरपालिकेच्याच कार्यालयातून चालते. तुमच्याकडे ती असेल तर समितीने वेगळी चूल मांडू नये.

आता गाडी कुठे अडते ते बघू. माणूस उतरतो तेव्हा त्याच्याकडे काही महिन्यांची पुंजी असते. घरभाडं, डिपॉझिट, हिवाळी कपडे, फोन यांत ती भराभर संपते. तोवर डिग्रीच्या मूल्यमापनाचे कागद आलेले नसतात. (मुंबई विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी ट्रान्सक्रिप्टचं काम कलिन्याला स्वतः जाऊन, निघण्याआधीच उरकावं. इथून भावाला पाठवून ते काम करून घेणं म्हणजे भावाशी संबंध बिघडवणं.) मग तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा फोन येतो: वेअरहाऊस, रात्रीची शिफ्ट, उद्यापासून या. किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून ताशी १७.६० डॉलर. घर चालतं. पण दिवसा झोपणारा माणूस मुलाखतीला कधी जाणार, आणि वर्ग कधी गाठणार? दोन वर्षांनी त्याच्या रेझ्युमेवर सर्वांत वरती 'पिकर-पॅकर' असतं आणि त्याखाली पुण्यातली दहा वर्षं. भरती करणारा वरची ओळ वाचतो आणि पान उलटतो.

म्हणजे अडचण बहुतेकदा कौशल्याची नसते, प्रशिक्षणाचीही नसते. अडचण असते ती आपल्या क्षेत्रातलं पहिलं काम लवकर न मिळण्याची. नगरपालिकेच्या कुठल्याही योजनेला मी हाच प्रश्न विचारते: याने तो पहिला काळ आखूड होतो का? रेझ्युमेच्या कार्यशाळेने होत नाही. लोकांनी त्या पाच-पाच वेळा केलेल्या असतात.

जाता जाता, 'कॅनडात डॉक्टर टॅक्सी चालवतात' हे वाक्य समितीत कुणीतरी म्हणणारच. २०१२ मध्ये केंद्राच्या इमिग्रेशन खात्याने २००६ च्या जनगणनेवरून टॅक्सीचालकांचा अभ्यास केला होता. पन्नास हजारांच्या आसपास चालकांत डॉक्टर आणि पीएचडी मिळून अडीचशेच्या आसपास निघाले, बहुतेक स्थलांतरित. आहेत, पण चर्चा होते तेवढे नाहीत. खरी गर्दी मधल्या थरात आहे: अकाउंटंट, सिव्हिल इंजिनिअर, लॅब टेक्निशियन, शिक्षिका, बँकेत ऑफिसर असलेली मंडळी. नगरपालिकेला नेमकी हीच माणसं लागतात.

म्हणून सुरुवात घरापासून. महापौर व्यापाऱ्यांना 'नवागतांना नोकऱ्या द्या' म्हणून भाषण देतात, तेव्हा त्यांच्याच एचआर खात्याच्या जाहिराती काढून वाचाव्यात. माझा हा आवडता उद्योग आहे. समजा, पाणीपुरवठा विभागात सहायकाची जागा निघाली. जाहिरातीत साधारण असं असतं: ऑन्टारियोतल्या नगरपालिकेत काम केल्याचा तीन वर्षांचा अनुभव, संबंधित कायद्यांचं व्यवहारोपयोगी ज्ञान, पूर्ण 'जी' (साधी गाडी चालवण्याचं अंतिम टप्प्याचं) लायसन्स आणि ड्रायव्हिंगचा स्वच्छ रेकॉर्ड, कम्युनिटी कॉलेजचा डिप्लोमा. समोर अर्जदार समजा पिंपरी-चिंचवडला पाणीपुरवठ्यात दहा वर्षं काढलेला कनिष्ठ अभियंता. पंपिंग स्टेशन, व्हॉल्व्ह, गळती, रात्री दोनला आलेला नगरसेवकाचा फोन, सगळं पाहिलेला. पण पहिल्याच ओळीत तो बाद.

एकेक ओळ घ्या. 'ऑन्टारियोतल्या नगरपालिकेत' हे शब्द का हवेत, असं विचारलं तर एचआरकडे सहसा उत्तर नसतं. मागच्या जाहिरातीतून उचललेलं असतं. ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच धोरण म्हणून सांगितलं होतं की 'कॅनेडियन अनुभव हवा' ही अट सकृद्दर्शनी भेदभाव ठरते. आणि १ जानेवारी २०२६ पासून, २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला जाहीर जाहिरातीत ती अट घालता येत नाही. २०२४ च्या कामगार कायद्यातली ही तरतूद आहे. जाहिरातीतून शब्द गेले तरी निवड करणाऱ्याच्या मनातून ते जात नाहीत. 'स्थानिक पद्धतींची ओळख', 'इथल्या ग्राहकांशी संवादाचा अनुभव' अशा नावांनी ते मागच्या दाराने परत येतात. म्हणून नुसती जाहिरात नको, मुलाखतीत गुण देण्याचा तक्ताही मागा.

कायद्याचं ज्ञान? ते रुजू झाल्यावर आठवडाभरात वाचता येतं. डिप्लोमा? 'किंवा समकक्ष परदेशी शिक्षण' एवढे शब्द घातले की काम झालं, मात्र समकक्ष कोण ठरवणार तेही लिहा. नाहीतर तो अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

ड्रायव्हिंग लायसन्सचं मात्र नीट ऐका, कारण इथे सगळ्यांत जास्त लोक गळतात. भारताच्या लायसन्सची ऑन्टारियोत थेट अदलाबदल होत नाही. लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची चाचणी. जुना अनुभव मोजून घेऊन थेट 'जी'च्या चाचणीला बसता येतं, पण त्यासाठी भारतातून किंवा वकिलातीकडून प्रमाणित पत्र आणावं लागतं, आणि हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. ज्या नोकरीत गाडी चालवायचीच आहे तिथे अट रास्त आहे. पण कार्यालयात बसून नकाशे अद्ययावत करणाऱ्या माणसाला पूर्ण 'जी' कशाला? अशा जागांची यादी काढायला सांगा. संख्या बघून तुमच्या समितीतले जुनेजाणते सदस्यसुद्धा चकित होतील.

पाण्याच्याच उदाहरणात अजून एक गोम आहे आणि ती नगरपालिकेला फार मोठी चावी देते. मे २००० मध्ये ऑन्टारियोतल्या वॉकर्टन गावात नळाचं पाणी दूषित होऊन सात माणसं दगावली, दोन हजारांवर आजारी पडली. त्यानंतर पाणी यंत्रणेवर काम करणाऱ्यांच्या परवान्याचे नियम कडक झाले, आणि ते योग्यच झालं. सर्वांत खालची पायरी म्हणजे प्रशिक्षणार्थी ऑपरेटर: बारावीइतकं शिक्षण आणि एक परीक्षा. पण त्याच्या वरचा पहिल्या वर्गाचा परवाना मिळवायला प्रत्यक्ष यंत्रणेवर काम केल्याचा अनुभव लागतो. आणि या यंत्रणा बहुतेक करून नगरपालिकांच्याच. म्हणजे ज्या अनुभवाशिवाय नोकरी मिळत नाही, तो अनुभव देऊ शकणारं दार नगरपालिकेकडेच आहे! वर्षाला दोन-तीन प्रशिक्षणार्थी जागा नवागतांना खुल्या करणं हा एका बैठकीचा निर्णय आहे. निवृत्तीला आलेल्या ऑपरेटरांची यादी बघितली तर नगरपालिकेलाही याची निकड कळेल.

पगारी इंटर्नशिपचे नमुने देशात आहेत. एडमंटन शहर स्थलांतरितांसाठी असा कार्यक्रम चालवत आलं आहे; टोरंटोत २००३ पासून 'करिअर ब्रिज' नावाने परदेशी अनुभव असलेल्या व्यावसायिकांना पगारी इंटर्नशिप मिळवून देणारी व्यवस्था आहे. मी 'पगारी' शब्दावर जोर देते, कारण फुकटात 'व्हॉलंटियरिंग करा, ओळखी होतील' हा सल्ला इथे सर्रास दिला जातो. ज्याच्या घरी भाडं भरायचंय तो फुकट किती दिवस राबणार? नगरपालिकेने निदान आपल्या नावाने असा सल्ला छापू नये.

दुसरी चावी कंत्राटांची. नगरपालिका रस्ते खोदते, इमारती बांधते, जमीन भाड्याने देते, परवानग्या देते. त्या बदल्यात अटी घालता येतात. टोरंटोच्या वायव्येला रेक्सडेल भागात, जिथे सोमाली, पंजाबी, कॅरिबियन अशी स्थलांतरितांची दाट वस्ती आहे, वुडबाइनच्या रेसकोर्सवर कॅसिनो वाढवण्याला परवानगी देताना शहराने २०१८ मध्ये अट घातली: नव्या भरतीपैकी निदान ४० टक्के स्थानिक किंवा सामाजिक भरतीच्या मार्गाने. कॅसिनो व्हावा की नाही यावर दुमत असू शकतं, मला स्वतःला तो उद्योग फारसा रुचत नाही, पण करार कसा लिहायचा हे त्यातून शिकण्यासारखं आहे. 'प्रयत्न करू' अशा भाषेऐवजी टक्का लिहिलेला, पूर्णवेळ जागांचा हिस्सा लिहिलेला, आणि नजर ठेवायला स्थानिक लोक. तुमच्या शहरात कॅसिनो नसेल, पण अरेना (क्रीडागृह) बांधायचा असेल, सांडपाण्याचा प्लांट वाढवायचा असेल. टेंडर निघण्याआधी समितीने तोंड उघडलं तरच उपयोग. टेंडर निघून गेल्यावर कंत्राटदार हसून चहा पाजतो आणि विषय संपतो. आणखी एक छोटी अट: कंत्राटदाराने एजन्सीमार्फत माणसं घेतली तर एजन्सी लायसन्सवाली असावी. १ जुलै २०२४ पासून प्रांतात हे लायसन्स बंधनकारक आहे. नगरपालिकेने कागद मागितला तर निदान फसवणारे बाजूला पडतात.

बस आणि डे-केअर यांच्याकडे नोकरीचे प्रश्न म्हणून कुणी बघत नाही. वेअरहाऊस आणि कारखाने शहराच्या कडेला, हायवेजवळ. सकाळची शिफ्ट सहाला. पहिली बस तिथे सहा वाजून वीस मिनिटांनी पोचत असेल तर त्या नोकऱ्या गाडी नसलेल्यांसाठी नाहीतच. मग तिघे-चौघे मिळून कुणाच्या तरी गाडीत जातात, आठवड्याचे पैसे देतात, आणि गाडीवाल्याने नोकरी सोडली की चौघांची नोकरी जाते. समितीने औद्योगिक भागातल्या मोठ्या मालकांकडून शिफ्टच्या वेळा मागवाव्यात आणि वेळापत्रकाशेजारी ठेवाव्यात. एखादी फेरी अर्धा तास अलीकडे आणायला नवा निधी लागतोच असं नाही.

डे-केअरचं कोडं जास्त अवघड. अनुदान हवं तर आईबापांनी काम करत किंवा शिकत असावं. काम शोधायचं तर मूल ठेवायला जागा हवी. आधी लग्न की आधी नोकरी, यातलाच प्रकार. 'काम शोधतोय' या सबबीवर किती काळ अनुदान चालू ठेवायचं याचे बारकावे स्थानिक सर्व्हिस मॅनेजरकडे ठरतात, आणि तिथे समितीच्या शब्दाला किंमत असते. २०२२ मध्ये ऑन्टारियो केंद्राच्या स्वस्त डे-केअर योजनेत आलं आणि जानेवारी २०२५ पासून सहभागी केंद्रांत लहान मुलांची फी दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर झाली. फी उतरली, रांग वाढली. नुकतीच आलेली बाई या रांगेत शेवटी, कारण गरोदरपणातच नाव नोंदवायचं असतं हे तिला कोण सांगणार? आपल्याकडे आजी असते. इथे आजीला सुपर व्हिसा (आईवडील, आजी-आजोबांना दीर्घकाळ राहू देणारा) लागतो.

बायकांचा विषय निघाला आहे तर तुमच्यासारख्या मध्यम शहरासाठी सगळ्यांत महत्त्वाचं तेच, असं माझं मत आहे. २०१९ मध्ये केंद्राने ग्रामीण आणि उत्तरेकडच्या भागांसाठी इमिग्रेशनचा पायलट सुरू केला. थंडर बे, सडबरी, टिमिन्स, ब्रँडन, मूस जॉ, व्हर्नन वगैरे ११ ठिकाणं निवडली, आणि पीआरसाठी शिफारस करण्याचा अधिकार तिथल्या स्थानिक आर्थिक विकास संस्थांना दिला. मॅनिटोबातलं मॉर्डन हे छोटं शहर तर २०१२ पासून आपल्या गरजेनुसार कुटुंबं निवडतं आणि आधी शहर बघून जायला बोलावतं. या ठिकाणांचा भर नोकरी असलेल्या माणसावर असतो. पण कुटुंब टिकतं की निघून जातं, हे त्याच्या जोडीदारावर ठरतं. नवरा वेल्डर, त्याला काम पक्कं; बायको एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, तिला गावात फक्त कॉफीच्या दुकानात जागा. वर्ष-दीड वर्षात ते सामान बांधून टोरंटोशेजारच्या ब्रॅम्प्टनला येतात. मग मालकाने माणूस गमावला, शहराने करदाता गमावला, आणि आमच्या कार्यालयात अजून एक फाइल उघडली. नगरपालिकेने मालकाला विचारावं: तुमच्या नव्या माणसाच्या जोडीदाराचा रेझ्युमे कुणी पाहिलाय का? हॉस्पिटल, शाळा बोर्ड, नगरपालिका, कॉलेज या चार मोठ्या मालकांनी एकमेकांकडे असे रेझ्युमे पाठवायचं ठरवलं तर लाखभर वस्तीच्या शहरात पुष्कळ काम भागतं. मोठ्या शहरात हे जमत नाही. तुम्हाला जमेल.

हल्ली महाराष्ट्रातून जर्मनीबद्दल फार विचारणा होते, २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून तर जास्तच. तिथे चित्र वेगळं आहे. राहण्याच्या परवान्याचं कार्यालयच शहर किंवा जिल्ह्याच्या प्रशासनात असतं. मार्च २०२० पासून मालकाला ४११ युरो भरून, बऱ्याच ठिकाणी त्या स्थानिक कार्यालयामार्फत परदेशी कुशल कामगारासाठी वेगवान प्रक्रिया सुरू करता येते. म्हणजे परवानाच स्थानिक टेबलावर. पण अधिकार असला की रांगही तिथेच लागते. कर्मचारी कमी असलेल्या कार्यालयात भेटीची वेळ मिळणं हेच काम होऊन बसतं. कॅनडातल्या नगरपालिकेकडे परवान्याचा अधिकार नाही याचं मला त्यामुळे फारसं वाईट वाटत नाही.

ओळखींचं काय? मराठीत आपण 'ओळख लावणे' जरा नाक मुरडून म्हणतो, पण इथे बऱ्याच जागा जाहिरात येण्याआधीच कुणाच्या तरी तोंडी पसरलेल्या असतात आणि नवागताच्या कानापर्यंत पोचत नाहीत. टोरंटोत २००३ मध्ये 'ट्रीक' ही स्थलांतरितांच्या रोजगारासाठीची परिषद उभी राहिली. तिचा मेंटरिंगचा कार्यक्रम आणि टोरंटो महापालिकेचा आपल्या कर्मचाऱ्यांना मेंटर म्हणून नेमण्याचा कार्यक्रम, दोन्ही २००४ च्या सुमाराचे. महापालिकेचा अकाउंटंट नवीन आलेल्या अकाउंटंटला काही महिने भेटतो, एवढंच. खर्च जवळजवळ नाही.

या भेटीत काय घडतं ते सांगते. पहिल्या भेटीत नवीन आलेली बाई बायोडाटा काढते: वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वर फोटो. मेंटर तो शांतपणे बाजूला ठेवतो. मग विचारतो, तुम्ही त्या प्रकल्पात काय केलंत? उत्तर येतं, "आम्ही वेळेत पूर्ण केला." तुम्ही काय केलंत? "आमच्या टीमने खर्च कमी केला." तिसऱ्यांदा विचारल्यावर हळूच बाहेर येतं की बिलांचा ताळमेळ घालायची नवी पद्धत याच बाईने बसवली होती आणि त्यावरून वरिष्ठांशी भांडणही झालं होतं. आपल्याकडे 'मी मी' करणं वाईट दिसतं, म्हणून ती ते गिळून बसली होती. हे वर्गात शिकवून येत नाही. त्याच क्षेत्रातला माणूस समोर बसून खोदत राहिला की येतं. आणि महिन्याभराने तोच मेंटर म्हणतो, "आमच्या शेजारच्या खात्यात सुट्टीवर गेलेल्या बाईच्या जागी आठ महिन्यांसाठी माणूस हवाय, अर्ज कर." तोच तो पहिला काळ आखूड होणं.

आता ज्यांच्याकडे कुणी बघत नाही त्यांच्याबद्दल. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या सेटलमेंट (नवागतांना स्थिरावायला मदत करणाऱ्या) सेवा प्रामुख्याने पीआर असलेल्यांना आणि आश्रय मंजूर झालेल्यांना मिळतात. शिक्षण संपवून वर्क परमिटवर असलेला विद्यार्थी दारावर आला तर आम्हाला त्याला परत पाठवावं लागतं, आणि मराठी मुलं तर आता मोठ्या संख्येने याच वाटेने आलेली आहेत. काम करायला लागणारा त्यांचा सोशल इन्शुरन्स नंबर ९ ने सुरू होतो. तो आकडा बघून काही मालक 'हा टेंपररी आहे, भानगड नको' म्हणून अर्ज बाजूला करतात, जरी परमिटवर अजून अडीच वर्षं शिल्लक असली तरी. नगरपालिकेच्या स्वतःच्या पैशाला केंद्राची पात्रता लागत नाही. लायब्ररीतली एक खोली, संध्याकाळी आणि रविवारी उघडी, एक समुपदेशक, आणि मालकांसाठी एक पानी पत्रक: कुठल्या परमिटवर माणूस काय करू शकतो, मुदत कुठे बघायची, नूतनीकरण चालू असताना तो कायदेशीरपणे काम कसा करू शकतो. हे पत्रक वकिलाकडून तपासून घ्या आणि दर सहा महिन्यांनी बदला, कारण नियम त्याच वेगाने बदलतात.

स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्यांबद्दल थोडक्यात. २०२० पासून ऑन्टारियोने घरच्या स्वयंपाकघरातून कमी जोखमीचे पदार्थ करून विकण्याचे नियम सैल केले; प्रांताच्या यादीत लोणचं, जॅम, बेकरीचे टिकाऊ पदार्थ आहेत. म्हणजे कैरीचं लोणचं विकायला प्रांताची हरकत नाही, आरोग्य खात्याला कळवायचं. पण नगरपालिकेच्या झोनिंगमध्ये 'घरगुती व्यवसाय' या कलमाखाली घरी ग्राहक यायला नको, पाटी नको, गॅरेज वापरायचं नाही असं काहीबाही असतं आणि बाई तिथे अडकते. ते कलम काढून वाचा. बदलायला अर्ध्या पानाचा ठराव पुरतो. चकली-चिवड्याचं प्रकरण तळणीमुळे वेगळं, तिथे आरोग्य निरीक्षकाला आधी विचारलेलं बरं.

जॉब फेअर बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण नगरसेवकांना तो आवडतो आणि त्यांच्याशी पहिल्याच दिवशी वाकडं घेऊन तुमची बाकीची कामं होणार नाहीत. फक्त एक अट घाला: टेबल मांडणाऱ्या प्रत्येक मालकाने निदान एक खरी, आज रिकामी असलेली जागा आणावी आणि निवड करणारा माणूस स्वतः यावा. 'वेबसाइटवर अर्ज करा' म्हणून पेन वाटणाऱ्यांना टेबल नाही. टेबलं निम्मी होतील.

पहिल्या बैठकीत एवढंच मागा: एचआरकडून गेल्या वर्षीच्या सगळ्या जाहिराती, मुलाखतीचे गुण-तक्ते, आणि येत्या पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची खातेवार संख्या. खरेदी विभागाकडून पुढच्या दोन वर्षांत निघणाऱ्या मोठ्या टेंडरांची यादी. बस खात्याकडून औद्योगिक भागातल्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ. ही कागदपत्रं एरवीही नगरपालिकेत पडूनच असतात, त्यामुळे 'निधी नाही' हे उत्तर कुणाला देता येणार नाही. वर्षाखेरीला किती लोक कार्यक्रमाला आले हा आकडा सादर करायला घेतील, तेव्हा तुम्ही दुसरा मागा: आल्यापासून किती महिन्यांनी माणसाला स्वतःच्या क्षेत्रातलं पहिलं पगारी काम मिळालं. पहिल्या वर्षी तो आकडा कुणाकडेच नसेल. कुणाच्या टेबलावर तो नोंदवला जाणार, हे त्याच बैठकीत नाव घालून इतिवृत्तात लिहून घ्या.